एका स्त्रीला मत न देता परतावे लागले

ताई,

तुमचं नाव यमुना होतं हे मला तुम्ही गेलात त्या दिवशी कळलं.

ग्वाल्हेरात, गोरखीतल्या तुमच्या खोलीबाहेर आम्ही शाळेतल्या काही जुन्या मुली उभ्या होतो. तुमचे थोरले भाऊ इंदूरहून आले, चपला काढता काढता उंबऱ्याशीच थांबले आणि म्हणाले, "यमू, एवढी काय घाई होती गं तुला?" मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, यमू कोण? मला खरंच वाटलं की तुमची कुणी बहीण आत आली असेल आणि ते तिच्याशी बोलताहेत. त्यांनी आत जाऊन तुमच्या कपाळावर हात ठेवला आणि पुन्हा तेच नाव घेतलं, तेव्हा मला समजलं.

शाळेत इंदिराबाई, वाचनालयात इंदिराताई, माझ्यासाठी नुसत्या ताई. लग्नाच्या दिवशी कुणीतरी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'इंदिरा' लिहिलं असेल आणि यमुना तिथंच राहून गेली असेल. ते लग्न किती दिवस चाललं असं कुणी विचारलं की तुम्ही हसून म्हणायचा, शालूची घडी मोडायच्या आत संपलं. नवरा गेला आणि त्यानं दिलेलं नाव तेवढं राहिलं. इतकी वर्षं मी तुमच्या शेजारी बसले, तुमच्या दौतीतली शाई वापरली, तुमच्या ताटातलं खाल्लं, पण हे कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मला रडू यायला हवं होतं. त्याच्या आधी लाज आली. कारण नावाची हीच चूक मी पूर्वी एकदा केली होती. तुम्ही ती एका ओळीत लिहिली होती, आणि ती ओळ मी खोडली होती.

हे आपल्या वाचनालयाच्या वार्षिकात छापणार आहेत. वाचणाऱ्यांना सगळं ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही सांगावं लागेल. माझं लिहिणं लांबतं हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं सोसा.

पुण्याच्या कोशमंडळाचं पाकीट आलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात त्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. आजोबा, बाबा, सगळे संस्थानच्या फौजेत. संस्थान विलीन झालं तशी बाबांची पलटण मोडली आणि ते कापडाच्या गिरणीत चौकीदार झाले. मला पुढं शिकवा असं तुम्ही बाबांना सांगायला आलात तेव्हा ते तुमच्यासमोर सावधान उभे होते आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. तुम्ही परत गेल्यावर म्हणाले, "बाई हुकूम देऊन गेल्या."

पाकिटात ज्ञानकोशातली एकच नोंद होती. 'स्त्रियांचा मताधिकार'. जुन्या आवृत्तीतलं छापील पान एका मोठ्या कागदाच्या मध्यावर खळीनं चिकटवलेलं होतं आणि चारी बाजूंना रुंद कोरा समास सोडला होता. तपासून, सुधारून, वाढवून पाठवा, असं लिहिलं होतं. तुम्ही, दाजीसाहेब आणि मी. दाजीसाहेब संस्थानच्या न्यायखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे समोरचा माणूस काहीही बोलला तरी ते आधी "पुरावा?" असं विचारायचे. एकदा मी बाहेर फार ऊन आहे म्हटलं तर त्यांनी तेच विचारलं आणि तुम्ही शांतपणे खिडकी उघडून दिलीत.

दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आपण बसायचो. जुन्या नोंदीत न्यूझीलंड होतं, इंग्लंड होतं, अमेरिका होती, आणि हिंदुस्थानसाठी शेवटची दोन वाक्यं होती. इंग्लंडच्या बायकांना सरकारनं मताधिकार 'दिला' असं छापलं होतं. तुम्ही म्हणालात, दिला कसला, मिळवला. दाजीसाहेब म्हणाले, कायदा सरकार करतं, म्हणून दिला. सबंध दुपार त्या एका शब्दावर गेली. शेवटी तुम्ही 'द्यावा लागला' असं लिहिलंत आणि दोघंही आपण जिंकलो असं समजून घरी गेलात.

कामाचे नियम तुम्हीच घातले होते. प्रत्येकाची शाई वेगळी. दाजीसाहेबांची निळी, तुमची हिरवी. लाल कुणी वापरायची नाही, कारण लाल बघितलं की माणूस आधी घाबरतो आणि मग वाचतो, असं तुमचं म्हणणं. प्रत्येक नव्या ओळीसमोर समासात तिचा आधार लिहायचा. आधार नसेल ती ओळ कुणीही खोडावी, पण कारण आणि नाव लिहून. आणि खोडलेली ओळ परत घ्यायची झाली तर ज्यानं खोडली त्यानंच ती परत लिहायची, दुसऱ्या कुणी नाही. दाजीसाहेबांना हा शेवटचा नियम अजब वाटला होता. तुम्ही म्हणालात, असं केलं की भांडण कागदावर न होता माणसाशी होतं आणि ते बरं असतं.

मी मात्र पेन्सिलीनं लिहायची. खुर्चीच्या कडेवर बसायची आणि पेन्सिलीनं बारीक लिहायची. पेन्सिलीनं लिहिणाऱ्याला आपलं म्हणणं पुसून टाकायची सोय हवी असते, असं तुम्ही एकदा म्हणालात. दुसऱ्या रविवारी माझ्यासमोर काळ्या शाईची दौत ठेवलीत. ती कितीतरी दिवस बंदच राहिली.

माझी मराठी तुम्हाला पुरेशी करमणूक होती. आमच्या घरी, गल्लीत, कॉलेजात सगळी हिंदी, त्यामुळे मी लिहिलं होतं, 'अनेक देशांत स्त्रियांना अधिकार मिळून गेला.' तुम्ही शेजारी हिरव्या शाईत लिहिलंत, 'मिळून कुठे गेला? पत्ता द्यावा.' मी त्या दिवशी खूप हसले. अजूनही 'मिळून गेला' असं लिहिताना हात थांबतो आणि तुमची ती ओळ दिसते.

आपण काम करत असताना प्रांतच हलत होता. जुन्या पानावर 'ग्वाल्हेर संस्थान' छापलेलं. दाजीसाहेबांनी ते दुःखानं खोडून 'मध्यभारत' केलं. मग मध्यभारतही मोडणार, मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं आणि त्यांना आपलाच शब्द पुन्हा खोडावा लागला. ते पार खचले होते. तुम्ही म्हणालात, "दाजीसाहेब, एवढं काय. आमचं नाव बदललं तेव्हा आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं." ते हसले. मीही हसले. त्या वाक्यात यमुना होती, ताई. तुम्ही आमच्यासमोर ती ठेवली होती आणि आम्ही दोघं हसून पुढच्या ओळीवर गेलो.

आता त्या ओळीबद्दल लिहायला हवं.

पहिल्या निवडणुकीच्या याद्या होत होत्या तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या किला गेटच्या गल्लीत यादीवाला बाबू आला, तेव्हा बाबा कामावर होते आणि मी शाळेत. त्यानं दारात उभं राहून नाव विचारलं, तर आई दाराआडून म्हणाली, शकूची आई. त्यानं 'रघुनाथ जाधव की पत्नी' लिहिलं आणि पुढच्या दारी गेला. गल्लीतल्या बहुतेक बायका अशाच कुणाच्या तरी पत्नी, नाही तर कुणाच्या तरी माता म्हणून यादीत गेल्या. मग कळलं की अशी नोंद चालणार नाही, बाईचं स्वतःचं नाव नसेल तर ती यादीतून निघणार. तशा देशभर कितीतरी निघाल्या. हे छापील आहे, दाजीसाहेबांना त्याचा पुरावाही मिळाला होता.

आमच्या गल्लीत तुम्ही घरोघर फिरलात, पण परक्या बाईला तरी नाव कोण सांगणार? आणि मग तुम्हाला ते सुचलं. संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका जमतात आणि उखाण्यात नवऱ्याचं नाव न लाजता घेतात. तुमचं म्हणणं, या वर्षी नवऱ्याचं नको, प्रत्येकीनं स्वतःचं नाव गुंफायचं. नवऱ्याचं तर सरकारला माहीतच आहे.

तुम्ही विधवा, त्यामुळे हळदीकुंकू तुमच्याकडे होणं शक्य नव्हतं. आईनं आमच्या घरी केलं. तुमचीच कल्पना, तुम्हीच घरोघर जाऊन आमंत्रणं केलेली, आणि त्या दिवशी तुम्ही आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत, चुलीपाशी, मांडीवर कागद घेऊन बसलात. बाहेर बायका कुंकू लावत होत्या, उखाणे घेत होत्या, हसत होत्या, आणि भिंतीपलीकडून जे नाव ऐकू येईल ते तुम्ही यादीवाल्याला द्यायला लिहून घेत होतात. सगळ्या गेल्यावर आईनं तुम्हाला तिळाची गजक दिली, पण कुंकवाची कोयरी तिनं आधीच फडताळात ठेवून दिली होती. नाव तर तुम्हाला तिथं कुणीच विचारलं नाही.

हे सगळं मला नंतर कळलं, कारण मी तिथं नव्हते. मॅट्रिकला बसणाऱ्या मुलीनं हळदीकुंकवात काय बसायचं असं मला वाटत होतं. मी मैत्रिणीकडे जाऊन भूमितीची प्रमेयं पाठ करत बसले.

पुढच्या हिवाळ्यात मतदान झालं. आईनं लग्नातली हिरवी साडी नेसली होती. बाबांनी फौजेतला कोट घातला. मी तिला वाचून दाखवायला म्हणून बरोबर निघाले आणि वाटेत दोनदा तिला सांगितलं की घाबरू नकोस, मी आहे. शाळेच्या फाटकापाशी टेबल टाकून एक बाबू यादी घेऊन बसला होता. मी पुढं होऊन ठसक्यात सांगितलं, पार्वती रघुनाथ जाधव.

त्यानं पानं उलटली. "पार्वती तो नहीं है। भागीरथी है, पति रघुनाथ।"

मी यादी त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. घर आमचं, बाबांचं नाव बाबांचं, आणि त्यावर भागीरथी. माझ्या डोक्यात एवढंच आलं की सरकारी माणसानं नेहमीसारखा घोळ घातला आहे. मी म्हणाले, "ये कोई और है।" बाबू बाबांकडे बघायला लागला. बाबा टाचा जुळवून उभे राहिले आणि म्हणाले, "हमारे घर में कोई भागीरथी नहीं है, साहब।" आई आमच्या मागं पदराचं टोक दातात धरून उभी होती. बाबूनं मान हलवली आणि मागच्या बाईला पुढं बोलावलं.

आम्ही परत निघालो. किल्ल्याच्या भिंतीखालच्या रस्त्यावर मी सरकारला नावं ठेवत पुढं चालले होते. आई मागून म्हणाली, "शकू, भागीरथी म्हणजे मीच गं. माहेरचं."

बाबा थांबले. त्यांनी विचारलं, मग तिथं बोलली का नाहीस?

"तुम्ही दोघं इतक्या खात्रीनं सांगत होतात," आई म्हणाली. "मला वाटलं, तसंच ठरलं असेल."

मी म्हटलं परत जाऊ, अजून वेळ आहे. बाबा रस्त्याच्या कडेला उभे राहिले, कोटाची बटणं चाचपत. म्हणाले, "आत्ता साहेबाला सांगून आलो की आमच्या घरात अशी कुणी बाई नाही. आता काय, सापडली म्हणून सांगू?" आणि ते घराकडे चालायला लागले. त्यांच्या मागून आई. तिच्या मागून मी. आम्ही तिघंही लाजेनं चालत होतो, पण आईनं कशाची लाज बाळगायची होती हे मला आजही कळत नाही.

संध्याकाळी तुम्ही मोठ्या हौसेनं आलात. आईच्या बोटाला शाई लागलेली बघायला आला होतात. तिनं हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, पुढल्या खेपेला. सगळं ऐकल्यावर तुम्ही हातातली पिशवी खाली ठेवलीत. मग म्हणालात, चूक माझी. मी नाव लिहून घेतलं, पण घरातल्या माणसांना सांगितलं नाही. मला वाटलं, घरात माहीत असेल.

तुमचं ते वाक्य मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं होतं. पुढं कितीदा तरी आपण यावर वाद घातला, आठवतं? तुम्ही म्हणायचा चूक माझी, मी म्हणायची माझी, आणि तुम्ही म्हणायचा, पोरी, चुकीतही वाटा मागतेस. तो वाद तसाच राहिला. आता तुम्ही नाही म्हणून सगळी चूक एकटीनं घेते म्हटलं, तर तेही तुम्हाला चाललं नसतं.

मग काही वर्षांनी ते पाकीट. नोंद बरीचशी तयार झाली होती. हिंदुस्थानच्या भागात पहिल्या निवडणुकीबद्दल लिहिताना तुम्ही एका रविवारी हिरव्या शाईत घातलंत: 'मराठी कुटुंबांत विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याची रीत असल्याने काही स्त्रिया यादीत नाव असूनही ओळखल्या गेल्या नाहीत. ग्वाल्हेर येथे एका स्त्रीला याच कारणाने मत न देता परतावे लागले.' समासातली आधाराची जागा तुम्ही कोरी सोडली होती.

दाजीसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, कोण ही स्त्री? तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. ओळखीतली आहे, एवढंच म्हणालात. पण माझे कान तापले. मला वाटलं, आता ते विचारतील, घरची माणसं बरोबर नव्हती का? मुलगी शिकलेली नव्हती का? मी समोरची दौत उघडली. तुमची ती दुसरी ओळ मी एका रेघेत खोडली आणि समासात लिहिलं, 'छापील आधार नाही. शकुंतला जाधव.' शाईनं मी त्या कागदावर पहिल्यांदा लिहिलं ते हे.

दाजीसाहेब खूष झाले. म्हणाले, पोरगी तयार झाली. आणि ताई, मला ते ऐकून बरं वाटलं. त्या खोलीत मी त्यांच्या बाजूची झाले असं वाटलं.

जिना उतरताना तुम्ही विचारलंत, "आधारासाठी खोडलीस, की आईसाठी?"

मी म्हटलं, आईसाठीच. तिची चारचौघांत कशाला शोभा?

"तिला विचारलंस?"

मी म्हणाले, "नियम तुमचाच आहे, ताई."

"आहे ना," तुम्ही म्हणालात. "आणि खोडणाऱ्यानंच परत लिहायचं, हाही माझाच." तुम्ही रागावला नव्हतात. सराफ्याच्या कोपऱ्यावर नेहमीसारखी पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि गोरखीकडे वळलात.

तुम्हाला ती ओळ परत लिहिता आली असती. दाजीसाहेबांच्या लक्षातही आलं नसतं. पण तुम्ही लिहिली नाही. माझी वाट बघत राहिलात. मी पुढचे दोन रविवार आलेच नाही, परीक्षा आहे असा निरोप पाठवला. परीक्षा होतीच, पण अभ्यास करत होते असं म्हणवत नाही.

मग टायफॉइड झाल्याचं कळलं. मी आले तेव्हा तुम्ही तापात होतात, तरी ओळखलंत. नोंदीचा विषय काढला नाहीत. दुसरंच विचारलंत. नव्या निवडणुकीच्या याद्या चालल्यात, किला गेटला बाबू येऊन गेला का? आईचं काय लिहिलं या खेपेला?

मी म्हटलं, माहीत नाही.

मी त्याच घरात राहते, ताई. एक प्रश्न विचारायचा होता. घरी जाऊन विचारीन आणि उद्या येऊन सांगेन, असं मनात ठरवलं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला शुद्ध नव्हती.

तुमचे भाऊ यमू म्हणाले त्या रात्री मी आईशी बोलू शकले नाही. तेराव्यानंतर, ती दुपारी तांदूळ निवडत बसली होती तेव्हा बोलले. आधी ते यादीचं विचारलं. बाबा खाटेवर होते, त्यांनीच उत्तर दिलं. बाबू महिन्यापूर्वीच येऊन गेला होता. त्यानं घरवालीचं नाव विचारलं तेव्हा बाबा त्याला थांबवून आत आले होते.

"हिला म्हटलं, कोणतं सांगू? ही म्हणाली, भागीरथी. मग लिहिलेलं त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं," बाबा म्हणाले आणि कूस बदलली.

म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तर आमच्या घरात तयार होतं. ते तुमच्यापर्यंत न्यायला मीच नव्हते.

मग मी कागद आणला. तुम्ही गेल्यावर दाजीसाहेबांनी तो माझ्याकडे दिला होता. पुण्याला आता पाठवायलाच हवा, ते म्हणाले होते. मी आईला सांगितलं की यात एक ओळ आहे, ती तुझ्याबद्दल आहे, ती मी खोडली, आणि तू हो म्हणालीस तरच परत लिहीन. वाचून दाखवली. 'ग्वाल्हेर येथे एका स्त्रीला याच कारणाने मत न देता परतावे लागले.'

आईनं सूप खाली ठेवलं. पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचली. मला वाटलं ती म्हणेल, नको गं, लोक काय म्हणतील. मी तिची समजूत काढायचीही तयारी केली होती.

"एका स्त्रीला," आई म्हणाली. "म्हणजे तिथंही नाव नाहीच का?"

मी सांगायला लागले की कोशात तसंच लिहितात, आणि तुझी अब्रू जपायची म्हणून ताईंनी तसं लिहिलं असेल. पण बोलता बोलता थांबले. यादीवाल्यानं 'रघुनाथ जाधव की पत्नी' लिहिलं होतं. आपण इतके रविवार बसून, तीन शायांनी, 'एका स्त्रीला' लिहिलं होतं. तुम्हीही, ताई. हे तुमच्याशी भांडायला मला किती आवडलं असतं. तुम्ही जिन्यात थांबून कबूल केलं असतंत, खुशीनं.

कोणतं नाव लिहू, मी आईला विचारलं.

"बाईंनी लिहून घेतलं होतं तेच राहू दे," ती म्हणाली. मग जरा वेळानं, सूप परत मांडीवर घेत, तिनं तो उखाणा म्हणून दाखवला. त्या दिवशी तुम्ही चुलीपाशी बसून ऐकलात तो. मी पहिल्यांदा ऐकला.

उज्जैनच्या घाटावर क्षिप्रेचं पाणी,
भागीरथी नाव माझं ठेवलं आजीनी.

बाबा खाटेवर झोपले नव्हते. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण ते ऐकत होते.

म्हणाली, भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला होता, "वा, भागीरथीबाई." लग्नानंतर तिला त्या नावानं हाक मारणारं तुमच्याशिवाय दुसरं कुणी भेटलं नव्हतं. तिला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं त्या दिवशी, पण बायका घाईत होत्या आणि तुम्ही आत होतात. कुंकवाचं तिनं स्वतःहूनच काढलं. म्हणाली, बाईंना निदान नाव तरी घ्या म्हणायला हवं होतं. आम्हाला सुचलंच नाही.

मी तिला तुमचं नाव सांगितलं. तिनं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं.

आज मी ती ओळ परत लिहिली आहे. काळ्या शाईनं. 'एका स्त्रीला' तसंच ठेवलं आहे, कारण ते वाक्य तुमचं आहे आणि तुमच्या वाक्यात शब्द बदलायचा तर तुम्हाला विचारायला हवं. पण समासातली आधाराची जागा तुम्ही कोरी सोडली होती, ती भरली. 'आधार: भागीरथी रघुनाथ जाधव, किला गेट, ग्वाल्हेर. तसेच त्या वेळी सोबत असलेली मुलगी, शकुंतला.' माझंही नाव घातलं. ओळखलं नाही ते कुणी, हे त्याशिवाय पूर्ण होत नाही. दाजीसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि समासावर बोट ठेवून बराच वेळ वाचलं. पुरावा विचारला नाही.

कागदाच्या तळाशी आपण तिघांनी सह्या करायच्या होत्या. तुमची राहिली आहे. इंदिरा लिहावं की यमुना, मला ठरवता येईना. इंदिरा तुम्ही इतकी वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलंत, ते खोडायचा अधिकार मला नाही. यमुना तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. शेवटी तुमची हिरवी शाई घेतली आणि दोन्ही लिहिली, एकाखाली एक.

पाकीट उद्या टपालात पडेल. यातलं काही चुकलं असेल तर खोडा, ताई. पण कारण समासात लिहावं लागेल. नियम तुमचाच आहे.